मोटार-शर्यतीचा चालक

मुलांनो, 'शर्यत' हा शब्द तुम्हांला परका वाटण्याचे कारण नाही. उर्दूत आपण 'शर्त लगाना' म्हणतो. तोच मूळचा अरबी शब्द मराठीत येऊन 'शर्यत' झाला. मराठीत त्याला पळण्याच्या किंवा पळवण्याच्या चढाओढीचा अर्थ आला : धावण्याची शर्यत, होड्यांची शर्यत, बैलगाड्यांची शर्यत. आपल्या रायगड जिल्ह्यात बैलगाड्यांच्या शर्यतीचे वेड किती आहे, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या शर्यतीत सर्वांचे डोळे गाडी हाकणाऱ्यावर असतात. बैलांना वर्षभर खुराक कोणी घातला, चाकाला वंगण कोणी दिले, हे फारसे कोणी विचारत नाही. मोटारींच्या शर्यतीतही हेच होते. जिंकणारा चालक दूरदर्शनवर दिसतो. तो त्या जागेवर कसा जाऊन बसला, हे मात्र दिसत नाही. या पाठात आपण तेच पाहू या.

मोटारींच्या शर्यती अनेक प्रकारच्या असतात. त्यांतील एका प्रकाराला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. स्टॉक म्हणजे साठा, दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल. दुकानातून कोणीही विकत घ्यावी अशी साधी मोटार घेऊन पळवायची, अशी या शर्यतीची मूळ कल्पना. ती अमेरिकेत वाढली. तेथे १९४८ साली 'नॅसकार' नावाची संस्था स्थापन झाली आणि १९४९ च्या जून महिन्यात शार्लट या शहरात तिची साध्या मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली. त्या दिवशीची हकिगत सांगण्यासारखी आहे. ग्लेन डनअवे नावाचा चालक पहिला आला. शर्यत संपल्यावर त्याची मोटार तपासली, तेव्हा तिच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. ही मोटार चोरटी दारू वाहून नेण्यासाठी वापरली जात असे. जड माल भरूनही ती मागे बसू नये आणि पोलिसांच्या हाती लागू नये, म्हणून स्प्रिंगा बळकट केल्या होत्या. अशी मोटार दुकानातली कशी म्हणावी? डनअवेचा क्रमांक गेला आणि जिम रोपर विजयी ठरला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातले बरेच शर्यतपटू असल्या चोरट्या धंद्यातूनच आले होते. नियमाचे पुस्तक आणि तपासनिसाचा कंदील या खेळात पहिल्या दिवसापासून आहेत, एवढे त्यावरून ध्यानात येते.

आजची स्टॉक कार नावापुरतीच दुकानातली आहे. तिला उघडणारे दार नसते, चालक खिडकीतून आत शिरतो. समोर दिवे दिसतात, पण तेही चिकटवलेली चित्रे असतात. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. मोठ्या गोल ट्रॅकवर ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावते आणि तिच्या पुढेमागे हातभर अंतरावर दुसऱ्या मोटारी असतात. आतली उष्णता ५० अंशांच्या वर जाते. अशा भट्टीत चालकाला तीन-चार तास बसावे लागते. त्याला मागचे नीट दिसत नाही. म्हणून उंच जागी उभा राहिलेला एक माणूस रेडिओवरून त्याला सतत सांगत असतो, डावीकडे मोटार आहे, आता बाजू मोकळी आहे. मधे थांबा घेतला की पाच जण भिंत ओलांडून धावत येतात आणि दहा-बारा सेकंदांत चारही चाके बदलून, इंधन भरून मोटार पुन्हा सोडतात. २००१ मध्ये डेटोना येथील शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा फार मोठा चालक भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच वर्षी डोके आणि मान यांना आधार देणारे साधन प्रत्येक चालकाला सक्तीचे झाले. भिंतींवरही धक्का सोसणारे आवरण बसवले जाऊ लागले.

हे सारे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या कळंबोलीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. सुमारे ९४ किलोमीटरचा हा सरळ, रुंद रस्ता पाहून काही तरुणांच्या अंगात येते. पण तेथे ना पिंजरा, ना रेडिओवरचा माणूस, ना धक्का सोसणारी भिंत. ट्रॅकवर सर्वजण एकाच दिशेने जातात आणि सर्वांना शर्यत चालू असल्याचे ठाऊक असते. रस्त्यावर समोरच्या जीपमधली आजीबाई कुठल्याच शर्यतीत नसते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली, तर कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलाने मोटार चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड अब्बांना, हे लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चालकाची जागा तीन गोष्टींवर मिळते. हात, कागद आणि पैसा. हात म्हणजे कौशल्य. कागद म्हणजे परवाना. उर्दू शायरीतला परवाना शमेवर झेप घेऊन जळतो. मराठीतला परवाना म्हणजे सरकारने किंवा संस्थेने दिलेली लेखी परवानगी, आणि शर्यतीत तो असतो चालकाने जळू नये म्हणून! तिसरी गोष्ट पैसा. तिच्याबद्दल लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, पण आपण बोलू.

अमेरिकेत मूल आधी छोट्या मोटारी चालवते, मग गावच्या लहान ट्रॅकवर उतरते, मग नॅसकारच्या ट्रकच्या मालिकेत, मग दुसऱ्या दर्जाच्या आणि शेवटी 'कप' नावाच्या सर्वोच्च मालिकेत. वरच्या पायऱ्यांवर मोटार चालकाची नसते, संघाची असते, आणि संघाला खर्चासाठी प्रायोजक लागतो. प्रायोजक म्हणजे जाहिरातीच्या बदल्यात पैसा देणारा. प्रायोजक नसेल तर काय होते, हे वेंडेल स्कॉटच्या आयुष्यात दिसते. व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णी माणूस. त्याने टॅक्सी चालवली, लष्करात मोटारी दुरुस्त केल्या आणि पुढे जुन्या मोटारी स्वतः नीट करून शर्यतीत पळवल्या. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे तो सर्वोच्च मालिकेची शर्यत जिंकला. परंतु आयोजकांनी आधी दुसऱ्यालाच विजयी घोषित केले. काही तासांनी चूक मान्य झाली, तेव्हा प्रेक्षक घरी गेले होते. त्या विजयाचा चषक त्याच्या कुटुंबाच्या हाती २०२१ मध्ये पडला. स्कॉट त्यापूर्वीच वारला होता. या माणसाच्या हातात काही उणे होते, असे कोण म्हणेल?

नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेत उतरलेला पहिला भारतीय म्हणजे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन. त्याचे वडील स्वतः रॅलीपटू. १९९२ मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो फ्रान्समधील शर्यतीच्या शाळेत शिकायला गेला. पुढे २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोहोचणारा पहिला भारतीय झाला. म्हणजे पहिल्या धड्यापासून तेरा वर्षे! २०१० मध्ये तो नॅसकारच्या ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर उतरला. हा ट्रॅक एक किलोमीटरचाही नाही. एवढ्याशा वर्तुळात तीसहून अधिक ट्रक एकमेकांना घासत फिरतात. आयुष्यभर हलक्या, उघड्या चाकांच्या मोटारी चालवलेल्या माणसाला हा वेगळाच खेळ होता. तरी तो पहिल्या शर्यतीत तेरावा आला आणि वर्षअखेर प्रेक्षकांनी मते देऊन त्याला त्या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक ठरवले. असे असूनही तेथील त्याची कारकीर्द त्या एका हंगामापुरतीच राहिली.

आपल्या देशात नॅसकारसारखे गोल ट्रॅक नाहीत, वळणावळणांचे आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे एक आहे. कोइमतूरजवळचा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. करिवर्धन यांनी भारतीय मुलांना परवडतील अशा शर्यतीच्या मोटारी घडवल्या. ते १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट आहे, तेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वन शर्यत झाली. दुकानातल्या मोटारींच्या शर्यतीही आपल्याकडे होतात. राष्ट्रीय स्पर्धेत 'सुपर स्टॉक' नावाचा वर्ग होता. एके काळी पनवेलच्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी मारुती एस्टीम आतून मोकळी करून, पिंजरा बसवून ट्रॅकवर धावत असे. फोक्सवॅगन कंपनीने २०१० पासून पोलो मोटारींची स्पर्धा सुरू केली. तीत सर्वांना सारख्याच मोटारी मिळत. मला हा प्रकार अधिक न्यायाचा वाटतो, कारण त्यात मोटार नव्हे, चालक जिंकतो.

शर्यतीचा परवाना देणारी आपल्या देशातली संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. रस्त्यावर मोटार चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परंतु शर्यतीची पहिली पायरी, म्हणजे कार्टिंग, त्याआधीच चढता येते. कार्ट ही जमिनीलगतची, छप्पर नसलेली, लहान मोटार असते. बंद ट्रॅकवर सात-आठ वर्षांच्या मुलांसाठीही वर्ग असतात. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ मोहिते यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत.

याच पायरीवरून आपल्या राज्यातला जो मुलगा सर्वांत वर गेला, तो म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला. तो स्टॉक कार चालवत नाही, एका आसनाच्या फॉर्म्युला मोटारी चालवतो. पण शिडी कशी असते हे त्याच्यामुळे नीट कळते, म्हणून त्याची हकिगत जरा विस्ताराने सांगतो. त्याचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. वडील उद्योजक. तो कार्टिंगकडे वळला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. मुंबईचे नामांकित कार्टिंगपटू रायोमंड बनाजी त्याचे गुरू. बारा-तेरा म्हणजे लवकर, असे तुम्हांला वाटेल. युरोपात ते उशिराचे वय आहे. तेथली मुले पाच-सात वर्षांपासून कार्टमध्ये बसलेली असतात. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर चाचण्या घेऊन तीन मुले निवडली. अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान. त्यानंतर जेहानचे शाळकरी वय युरोपच्या ट्रॅकवर गेले. २०१५ मध्ये फॉर्म्युला रेनो, २०१७ मध्ये युरोपची फॉर्म्युला थ्री. २०१९ मध्ये जागतिक फॉर्म्युला थ्री स्पर्धेत तो तिसरा आला. २०२० मध्ये रेड बुलने त्याला आपल्या तरुण चालकांच्या गटात घेतले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बहरीनमधील साखिर येथे तो फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. २०१७ मध्ये या स्पर्धेला हे नाव परत मिळाल्यापासून तीत जिंकणारा तो पहिला भारतीय. २०२२ मध्ये इटलीतील मोंझा येथे त्याने मुख्य शर्यत जिंकली. त्याच वर्षी मॅकलारेन संघाने त्याला सिल्व्हरस्टोन येथे आपली फॉर्म्युला वन मोटार चालवून पाहायला दिली.

आता फक्त एक पायरी उरली होती. फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत सगळ्या जगासाठी वीस जागा होत्या. २०२६ मध्ये त्या बावीस झाल्या. त्या जागेसाठी विशेष परवाना लागतो. तीन वर्षांच्या कामगिरीतून चाळीस गुण मिळवल्याशिवाय तो हाती येत नाही. आणि चाळीस गुण मिळवले तरी कोणीतरी जागा सोडावी लागते. जेहान फॉर्म्युला टूमध्ये चार हंगाम राहिला. एका हंगामाचा खर्च कित्येक कोटी रुपयांत जातो. २०२४ च्या हंगामात तो विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराती संघाकडून उतरला. पुढच्या हंगामात ती जागा दुसऱ्याला मिळाली. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधील टोयोटा मालिकेत लँडो नॉरिस नावाचा मुलगा पहिला आला होता आणि जेहान दुसरा. २०१७ मध्ये ते दोघे एकाच संघात होते. तो नॉरिस २०२५ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. दोघांमध्ये फरक नव्हता असे मी म्हणत नाही, नॉरिस त्या वयातही पुढे होता. पण पहिला आणि दुसरा यांच्यातले अंतर ट्रॅकवर काही सेकंदांचे असते आणि आयुष्यात ते एवढे मोठे होते, हे पाहून मन विचारात पडते.

हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, माझे अब्बा ट्रक चालवतात. मग मला तर हे जमणारच नाही ना?" कळंबोलीला ट्रकचा मोठा तळ आहे, त्यामुळे आपल्या शाळेत असे प्रश्न येणारच. मी त्याला खोटी आशा दिली नाही. घरच्या पैशावर युरोपची शिडी चढणे ट्रकचालकाच्या मुलाला शक्य नाही. आपल्याकडच्या साध्या वर्गातही एका हंगामाला लाखांच्या घरात खर्च येतो. पण मी त्याला ट्रकचीच एक गोष्ट सांगितली. टाटा मोटर्सने २०१४ पासून बुद्ध सर्किटवर प्रायमा ट्रकची शर्यत सुरू केली. पहिली दोन वर्षे परदेशी चालक आणले. भारतीय ट्रकचालक कुठे आहेत, हा प्रश्न लोकांना पडणे साहजिक होते. मग माल वाहणाऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या चालकांमधून निवड करून त्यांना शिकवले आणि २०१६ मध्ये ते प्रथम ट्रॅकवर उतरले. महिन्यातले बरेचसे दिवस महामार्गावर काढणारी, धाब्यावर जेवणारी, केबिनमध्ये झोपणारी ही माणसे. त्यांच्या अंगावर आगीला दाद न देणारा पोशाख आला, डोक्यावर शिरस्त्राण आले आणि समोर हजारो प्रेक्षक बसले.

या चालकांना सर्वांत अवघड काय गेले असेल, याचा विचार करा. मालाचा ट्रक चालवणारा चांगला चालक आयुष्यभर जपून ब्रेक दाबायला शिकलेला असतो. माल हलू नये, डिझेल वाचावे, टायर टिकावा. शर्यतीत ब्रेक शेवटच्या क्षणी आणि पूर्ण जोराने दाबावा लागतो, वळणाची ओळ बारकाईने धरावी लागते. जुनी सवय मोडून नवी लावावी लागते. येथे त्यांच्याकडे हात होता. कागद आणि पैसा कंपनीने पुरवला. २०१७ नंतर मात्र ही स्पर्धा पुढे चालली नाही. पैसा पुरवणारा थांबला की शिडी उचलली जाते, ही या धंद्याची रीत आहे.

मुलींचे काय, असे कोणी विचारेल. मुंबईत वाढलेली स्नेहा शर्मा विमान चालवते. वैमानिकाचे शिक्षण चालू असतानाच तिला कार्टिंगचा नाद लागला. ट्रॅकवर फेऱ्या मारायला पैसे पडतात, म्हणून ती तेथील यांत्रिकांच्या हाताखाली काम करी आणि त्याबद्दल तिला सराव करायला मिळे. पुढे नोकरी सांभाळून ती फोक्सवॅगनच्या आणि फॉर्म्युला फोरच्या मोटारी चालवू लागली. अनेक भारतीय चालकांची तऱ्हा अशीच आहे. शर्यत हा त्यांचा पेशा नसतो, शर्यतीसाठी ते दुसरा पेशा करतात.

शिवाय ट्रॅकवर चालकापेक्षा इतरांचीच गर्दी जास्त असते. यांत्रिक, टायरवाले, इंधनाचा हिशेब ठेवणारे, निशाणे दाखवणारे स्वयंसेवक, तपासनीस, डॉक्टर. मुंबईचे नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली उभी केली. डोंगरातल्या वाटा ठरवणे, वेळा लावणे, वाटेवर माणसे नेमणे, परदेशी चालकांना बोलावणे, हे सारे काम त्यांच्या टेबलावर झाले. पुढे जागतिक संस्थेच्या परिषदेतही ते बसले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेसिंग लीगमध्ये शहरांच्या आणि राज्यांच्या नावांचे संघ आहेत, गोव्याच्या नावाचाही आहे. अशा प्रत्येक संघाला हात काळे करणारी माणसे लागतात.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी विचारले, "मग सर, ट्रॅकवर मोटारीला हात तरी कसा लावता येईल?" याचे उत्तर सोपे आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पनवेललाही आयटीआय आहे. जे विज्ञान घेऊन अभियांत्रिकीला जातील, त्यांच्यासाठी 'फॉर्म्युला भारत' नावाची स्पर्धा कोइमतूरच्या ट्रॅकवर होते. तीत महाविद्यालयाचे विद्यार्थी स्वतः शर्यतीची मोटार आखतात, जोडतात आणि आपल्यापैकीच एकाला चालक म्हणून बसवतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे संघ तेथे जातात. मोटार तपासायला परीक्षक येतात, तेव्हा चालकालाच नव्हे, तर नट आवळणाऱ्यालाही प्रश्न विचारतात : हा नट एवढाच का आवळला?